नाक सोडून सगळं

आमच्या दाजींनी जन्मभरात जितकी माणसं घडवली तितकी ब्रह्मदेवाने आमच्या तालुक्यात घडवली नसतील. ब्रह्मदेवाच्या कामात शंभर खोडी काढता येतात, पण एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, की तो माणसाला नाक देऊन मगच खाली पाठवतो. दाजींचं तसं नव्हतं. कपाळ म्हणाल तर असं की त्यावर गंध लावावंसं वाटावं, कान असे की त्यांत काही सांगावंसं वाटावं, हनुवटी, गाल, मानेची घडी, सगळं जिथल्या तिथे; आणि मधोमध, जिथे नाक असायचं, तिथे काहीतरी झालेलं असे. कधी ते पडलेलं असे, कधी चेपलेलं, कधी मुळातच आलेलं नसे. दाजींना विचारलं तर ते शांतपणे म्हणत, "नाक सोडून सगळं झालंय, पाव्हणे. नाकाचं तेवढं बघून राहिलो."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कळमनुरीच्या अलीकडे दोन कोसांवर, कयाधूच्या काठी त्यांचं गाव. चार औतांची शेती, घरच्या माणसांचा बारदाना मोठा, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या घरात कुणी नांगराखेरीज दुसरं हत्यार हातात धरलेलं नाही. हे खूळ दाजींनाच कसं लागलं याचा शोध मी घेतला, तेव्हा त्याचं मूळ औंढ्याच्या देवळात सापडलं. लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून ते तिथे गेले आणि भिंतींवरच्या दगडी बायका-पुरुष पाहून जे खिळले ते दिवेलागणीपर्यंत जागचे हलले नाहीत. आता मौज अशी, की पोराच्या उंचीला ज्या मूर्ती येतात त्यांनाच येणारा-जाणारा हात लावतो. पिढ्यांच्या हातांनी त्या मूर्तींची नाकं झिजून सपाट झालेली. दाजी शिकले ते त्यांच्याकडूनच. गुरूकडे जे नव्हतं ते शिष्याकडे कुठून यावं, असा माझा आपला हिशेब आहे.

मी त्या वेळी हिंगोलीला शाळेत मास्तर होतो. सुट्टी लागली की अक्काच्या हातचं खायला तिच्याकडे जात असे, आणि दर खेपेला ओट्यावर एक नवीन बिननाकाचा मनुष्य माझ्या स्वागताला बसलेला असे. त्याच्याशेजारी दाजी. उंच, वाळके, धोतराचा काचा मारलेला, हाताला कोपरापर्यंत चिखल. बोटं मात्र लांब आणि निमुळती. ही बोटं त्यांना आईकडून मिळाली होती. त्या बोटांनी ते, मी पाया पडण्याच्या आधीच, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवत आणि म्हणत, "गाल उतरला तुमचा. हिंगोलीचं पाणी मानवंना वाटतं." यात आपुलकी नव्हती असं नाही, पण मुख्यतः ते गालाचं मोजमाप होतं. ही सवय त्यांना कुठेही, कुणाही बाबतीत आवरता येत नसे. एकदा शेजारच्या गावी दुखवट्याला गेले असताना समोर बसून रडणाऱ्या माणसाची हनुवटी त्यांनी अशीच धरली आणि त्याचं तोंड दाराकडे वळवलं. तो बिचारा दाजी सांत्वन करताहेत असं समजून त्यांच्या गळ्यात पडला आणि आणखीच रडला. दाजी परत येताना वाटेत मला म्हणाले, "रडताना जबड्याचं हाड कसं दिसतं ते आज समजलं. लई चांगलं माणूस हाय ते."

त्यांच्या मते जगात कामं दोनच प्रकारची. एक घालायचं काम आणि एक काढायचं काम. "माती अन् मेण हे घालायचं काम. चुकलं तर अजून घाला, न्हाईतर पुसून टाका, तकलीफ न्हाई. दगड अन् लाकूड हे काढायचं काम. एकदा काढलं की देवाला बी परत घालता येत न्हाई." हे प्रवचन त्यांनी मला दिलं, अक्काला दिलं, सालगड्यांना दिलं, बैल विकायला आलेल्या हेड्याला दिलं. वसुलीला आलेल्या सरकारी शिपायाला तर त्यांनी उर्दू, मराठी आणि हातवारे यांच्या मिश्रणातून अर्धा प्रहर ते ऐकवलं, आणि तो शिपाई पुढे वर्षभर त्या गावाला फिरकला नाही. माणसांचीही ते हीच वाटणी करत. अक्का मातीची. मी मेणाचा, कारण कुणी जरा ऊन दाखवलं की मी मऊ होतो. गावचे पोलीस पाटील लाकडाचे. आणि आई दगडाची.

या दगडाच्या आईपाशीच सगळं येऊन थांबत होतं. अक्का सासूला आत्याबाई म्हणे, म्हणून मी आणि पुढे सगळं गावही त्यांना आत्याबाईच म्हणू लागलं. बाई ठेंगण्या, करारी आणि मोतीबिंदूने दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या. डोळे गेल्याला बारा-चौदा वर्षं झाली होती, पण घरात कुठे काय आहे आणि कोण काय लपवून खातं आहे हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळे. ऐन तिशीत त्या विधवा झालेल्या. एके दिवशी दाजी ओट्यावर मातीत हात घालून बसले असताना त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोरा, दुनियाभरचे लोक करून राहिलास. एक डाव मला कर."

दाजींनी विचारलं, "तुला काहून, माय? तुला दिसंल का ते?"

"दिसत न्हाई म्हणूनच तर. हात लावून बघंन. मला आता मी कशी दिसते तेच ठाऊक न्हाई. तुझा बाप गेला तवा मी तीस वर्साची होते. उद्या वर गेल्यावर त्यायच्यापुढं उभी राहिले अन् त्यायनी ओळखलं न्हाई तर? आपलं तोंड कसंय ते आपल्याला तरी ठाऊक पायजे. सांगता तरी येईल, की बाबा, मी अशी झाले."

मी तिथेच होतो. मास्तरकी अंगात असल्यामुळे मी म्हणालो, "आत्याबाई, स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला तर कळेल की."

त्या माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, तोंड वळवून म्हणाल्या, "फिरवून बघा बरं मास्तर. आपल्या तोंडाला हात लावला की हाताला बी कळतं अन् तोंडाला बी कळतं. दोघं मिळून खोटं सांगतात."

झालं. त्या दिवसापासून दाजींनी बाकीची दुनिया सोडली आणि आई करायला घेतली. मी पैजेवर सांगतो, एका बाईच्या चेहऱ्यासाठी इतका चिखल त्या मुलखात कुणी तुडवला नसेल.

पहिली आई काळ्या मातीची झाली. आमच्याकडची माती कापसाला सोन्यासारखी, पण चेहऱ्याला वैरीण. ओली असताना लोण्यासारखी वळते आणि वाळली की भेगा पडतात. दोन दिवसांत आत्याबाईंच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एवढी भेग पडली, की तिच्यात मुंगळे राहायला आले. मग दाजींनी नदीकाठचा गाळ आणला, त्यात घोड्याची लीद, राख आणि पिंजलेला कापूस घालून तो आठ दिवस तुडवला. घरभर जो वास सुटला त्याबद्दल अक्का आजही बोलते. आता भेग पडेना, म्हणून दाजींनी ठरवलं की ही आई भाजून पक्की करायची. गावच्या कुंभाराचा आवा लागणारच होता. आखिती चार दिवसांवर आलेली, घरोघर पितरांच्या नावाने नवी घागर भरून पूजायची, म्हणून त्याने गावापुरत्या घागरी रचल्या होत्या. दाजींनी आईला नेऊन बरोबर त्यांच्या मधोमध बसवलं. कुंभार म्हणाला, "दाजी, आतून पोकळ हाय ना हे?" दाजी म्हणाले, "माझी माय पोकळ न्हाई." भरीव, पोटात ओल राहिलेली ती आई आव्यात तापली आणि फुटली ती अशी, की शिवारातली जनावरं बुजली. एक घागर धड राहिली नाही. त्या वर्षी अख्ख्या गावाने पितरांना तांब्यात पाणी दिलं, आणि गावात पुढे काहीही वाईट झालं, कुणाचं वासरू मेलं, कुणाच्या पोराला गोवर आला, तर पितर तहानलेले गेले म्हणून दाजींकडे बोट दाखवायची पद्धत पडली. कुंभाराने आव्याच्या चारी बाजूंना रेघ ओढली आणि दाजींना तिच्या आत यायची बंदी केली.

मग मेण. मेणाचा कारभार दाजी मला जेवताना समजावून सांगत. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा जाड लेप द्यायचा, भाजायचं, म्हणजे मेण वितळून भोकातून निघून जातं आणि आत पोकळी उरते. त्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा. "म्हणजे पाव्हणे, मूर्ती निघून जाते अन् तिची रिकामी जागा राहते. त्या रिकाम्या जागेचीच खरी मूर्ती होते." हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकत की अक्काने आपली पितळेची भांडी तिच्या नणंदेकडे हलवली. ती हलवायची गरज पडली नाही. मेणाची आई कोनाड्यात बसून राहिली आणि दिवसेंदिवस बारीक होऊ लागली. दाजींना वाटलं उन्हाने होत असेल. त्यांनी तिला सावलीत हलवलं. मग एका सकाळी डावा कान नव्हता. झालं असं होतं, की अक्काचं कुंकवाखाली लावायचं मेण संपलं होतं आणि तिने कोनाड्यातलं चिमूटभर घेतलं. मेण चोख होतं, कुंकू दिवसभर हलेना. मग शेजारणीने मागितलं, मग तिच्या जावेने. आत्याबाईंचा डावा कान आणि अर्धा गाल अख्ख्या आळीच्या सवाष्णींच्या कपाळावर गेला. दाजींनी अक्काला जाब विचारला तेव्हा ती म्हणाली, "मला काय ठाऊक ते कान हाय? मी पाठीमागून घेऊन राहिले होते." आत्याबाई मात्र हे ऐकून मनापासून हसल्या. त्यांना स्वतःला कुंकू सोडून पस्तीस वर्षं झाली होती.

दगडाचं कसब दाजी एका पाथरवटणीकडून शिकले. कळमनुरीच्या बाजारात ती जाती आणि पाटे-वरवंटे घेऊन बसे. तिने त्यांना सांगितलं, "दगूड आधी वाजवून बघा. खणखण बोलला तर चांगला. बद्द बोलला तर आत चीर हाय, त्याला हातच लावू नका." ही विद्या दाजींच्या अंगी अशी भिनली की ते दिसेल ते वाजवू लागले. खांब वाजवत, रांजण वाजवत, कलिंगड तर सगळेच वाजवतात. त्यांच्या पुतणीला पाहायला पाहुणे आले तेव्हा बैठकीत सगळे गप्प बसलेले असताना दाजी उठले, नवऱ्या मुलाच्या पाठीमागे गेले, त्याच्या पाठीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. ते स्थळ अर्थातच मोडलं. पुढे त्या मुलाचं उत्तम झालं, प्रकृती लोखंडासारखी राहिली आणि त्याला चीर वगैरे काही नव्हती. दाजींचं दगडी काम मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. नाक कोरताना छिन्नी घसरली आणि शेंडा उडाला. काढायचं काम, परत घालता येत नाही. तेव्हा पुढे नाक यावं म्हणून दाजींनी सगळा चेहराच बोटभर मागे सरकवला. पुन्हा शेंडा उडाला. पुन्हा चेहरा मागे. असं करत करत चार महिन्यांनी त्या हातभर दगडातून अक्काला एक चांगला वरवंटा मिळाला.

मधल्या काळात पोलीस पाटलांचं प्रकरण झालं. हिंगोलीच्या एका कंपाउंडरकडून दाजींनी मोडलेल्या हाडाला लावायचं प्लास्टर पैदा केलं. जिवंत माणसाच्या तोंडावर ते थापायचं, घट्ट झालं की उचलायचं, की त्या साच्यात चेहरा जसाच्या तसा, नाकासकट. आईवर करण्याआधी कुणावर तरी करून पाहावं म्हणून त्यांनी पाटलांना गाठलं. पाटील भरघोस मिशांचे. आपला पुतळा चावडीत बसेल या कल्पनेने ते पाटावर उताणे झोपले. दाजींनी त्यांच्या नाकपुड्यांत गव्हाच्या दोन काड्या घातल्या, तोंडाला तेल चोळलं आणि वर प्लास्टर थापलं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं हे पाटलांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मिशांनाही तेल लावायचं असतं हे दाजींना. पाटील आत हातपाय झाडू लागले, दाजी त्यांच्या छातीवर बसले, काड्यांतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. शेवटी न्हाव्याला बोलावून मिशा मुळापासून कापल्या तेव्हा साचा सुटला. साच्यात मिशा होत्या. त्यात ओतलेला चेहरा बाहेर काढताना नाक मोडून आत राहिलं. पाटील दोन महिने बहिणीकडे जाऊन राहिले, आणि आत्याबाईंनी निक्षून सांगितलं, "जित्तेपणी माझं तोंड झाकायचं न्हाई."

म्हणून दाजी पुन्हा मातीकडे आले. आता माती कशी कालवायची, आत बांबूच्या कामट्यांचा सांगाडा कसा बांधायचा, ओलं फडकं गुंडाळून काम महिनोन् महिने ओलं कसं ठेवायचं, हे सगळं त्यांना येत होतं. एक आई झाली की ते ती आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवत आणि समोर उकिडवे बसत. आत्याबाई पदराला हात पुसून मातीच्या कपाळावरून बोटं फिरवू लागत. कपाळ, भुवया, गाल. मग बोटं मध्यावर येत आणि थांबत. "ही मी न्हाई," त्या म्हणत. "ही तर माझी नणंद." पुढच्या खेपेला, "ही माझी सासू हाय. लई छळलं बाईनं. हलव हिला इथून." आणखी एकदा, "ही कोण? ही तर आमची नरसीची वयनी." असं होता होता आत्याबाईंच्या दोन्ही घराण्यांतल्या मेलेल्या बाया गोठ्याच्या भिंतीला ओळीने येऊन बसल्या. गंमत म्हणजे त्या खरोखरच त्या त्या बायका असाव्यात. नरसीहून आत्याबाईंचा भाचा आला होता, तो बैल बांधायला गोठ्यात गेला आणि आपली गेलेली आई पाहून मट्‌कन खाली बसला. जाताना ती तो गाडीत घालून घेऊन गेला. दाजींच्या हातचं, कुणी घराबाहेर मागून नेलेलं तेवढंच एक काम. गाडी दिसेनाशी होईपर्यंत दाजी वेशीत उभे होते. परत आल्यावर मला म्हणाले, "दुसऱ्याच्या माया जमतात, पाव्हणे. आपली जमंना."

ते हे हसत म्हणाले. पण मी अक्काचा भाऊ, मला त्या घरातलं हसणं कळत होतं. आत्याबाई आता थकल्या होत्या. अन्न तुटलं होतं, उठताना हात द्यावा लागे. त्यांनी पुन्हा कधी मूर्तीबद्दल विचारलं नाही, आणि तेच दाजींना टोचत होतं.

निजामी राजवटीचं शेवटचं वर्ष ज्यांनी आमच्याकडे काढलं त्यांना त्या उन्हाळ्याची आठवण द्यायला नको. रोज कुठलं ना कुठलं गाव लुटल्या-जाळल्याची बातमी येई. चैत्र सरता सरता दाजींच्या गावानेही ठरवलं, की बायका-लेकरं घेऊन पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात जायचं. मी शाळा बंद म्हणून अक्काकडेच होतो. गाड्या जुंपल्या. कुणी दागिने कमरेला बांधले, कुणी बियाणं घेतलं, कुणी देव घेतले. दाजी गोठ्यातून आले ते दोन्ही हातांत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं डोकं घेऊन. ही त्यांची शेवटची आई. नाक सोडून सगळी झालेली.

अक्काने कपाळावर हात मारला. "लोक जीव घेऊन पळून राहिले अन् हे चिखल घेऊन."

"वाळली तर फुटंल," दाजी म्हणाले. एवढंच म्हणाले.

गाडीत पाण्याच्या तीन घागरी होत्या. पहिल्या कोसातच कळलं, की त्यातल्या दोन माणसांसाठी आणि एक त्या डोक्यासाठी. चैत्रातलं ऊन, फडकं घटकेत वाळायचं, दाजी ओंजळीने पाणी शिंपडायचे. मागच्या गाडीतला एक म्हातारा ओरडला, की आमच्या लेकरांना प्यायला न्हाई अन् तुमी चिखलाला पाजून राहिले काहून. दाजींनी आपल्या वाटणीचं पाणी त्याच्या लेकरांना दिलं आणि डोक्याचं डोक्याला ठेवलं. रस्ता असा खडबडीत, की डोकं कुठे ठेवायचं हाच प्रश्न. गाडीच्या तट्ट्याला टेकवलं तर चेपेल, खाली ठेवलं तर घरंगळेल. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "आण हिकडं. माझंच हाय ना? मी धरते." त्यांनी ते मांडीवर घेतलं, वरून पदर टाकला आणि दोन दिवस खाली ठेवलं नाही; दाजी थांबतील तिथे फडक्यावर वरूनच पाणी मारत. दाजी गाडी हाकत होते, त्यांची पाठ आमच्याकडे. मी समोर बसून पेंगत होतो. मधूनच मला आत्याबाईंचा डावा हात त्यांच्या स्वतःच्या तोंडावर दिसे आणि उजवा पदराखाली. मला वाटलं म्हातारीचं डोकं दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी पैनगंगा ओलांडली. पलीकडे आमराई होती, तिथे बैल सोडले. दाजी पहिल्यांदा काय करायला आले ते सांगायला नको. घागर घेऊन आले, आत्याबाईंच्या मांडीवरून डोकं उचललं, झाडाच्या बुंध्याशी ठेवलं आणि शिंपडण्यासाठी फडकं सोडलं.

नाक होतं. बारीक, शेंड्याशी किंचित डावीकडे कललेलं, एका बाजूला पूर्वीच्या नथीच्या भोकाची खूण. मी आत्याबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा त्या मातीकडे पाहिलं. नुसतं नाक नव्हतं. गालही जरा खाली ओढले होते, ओठांच्या कडेला दोन घड्या आल्या होत्या, आणि ही कुणाची नणंद किंवा सासू नव्हती.

जन्मभर एका जागी गप्प न बसलेला तो माणूस, हातातलं फडकं खाली ठेवायचंही विसरून उभा राहिला. मग म्हणाला, "माय, हे कवा केलंस?"

"रस्त्यानं," आत्याबाई म्हणाल्या. "हाताला काम न्हवतं. एक हात इकडं, एक हात तिकडं. तुझं नाक चुकत होतं, पोरा. वरून चिकटवून बसवतोस तू. नाक वरून लावायचं नसतं. आहे त्या मातीतूनच चिमटीत धरून हळूहळू वर घ्यायचं. कानवल्याला मुरड घालतो तसं." मग त्यांनी विचारलं, "जमलंय का?"

दाजी खाली बसले आणि आईच्या पायावर डोकं ठेवून लहान लेकरासारखे रडले. अक्का रडली, मीही रडलो. मागच्या गाडीतला तो म्हातारा विचारू लागला, की कोण गेलं.

त्यानंतर चार-पाच महिने आम्ही परक्या मुलखात काढले, आणि ते डोकं दाजींनी एक दिवस वाळू दिलं नाही. पण मातीला हात मात्र लावला नाही. पाणी शिंपडायचे ते फडक्यावर. भादव्यानंतर मुलूख शांत झाला आणि आम्ही परतलो. घराला कुलूप तसंच होतं, गोठ्यातल्या बाया मात्र पावसाने विरघळून गेल्या होत्या. दाजी सगळ्यांत आधी कुंभाराकडे गेले आणि रेघेच्या बाहेर उभे राहिले. म्हणाले, "आतून पोकळ करून आणलंय." तीन दिवस खपून त्यांनी मानेतून चमच्याने आतली माती खरवडून काढली होती, एकेक कामटी उपसली होती, बाहेरून बोटभर जाडीला धक्का न लावता. कुंभाराने ते डोकं उलटं करून आत पाहिलं, मग सुलटं करून बघत राहिला. "आत्याबाई हायेत ह्या," तो म्हणाला, आणि पायाने रेघ पुसली.

आव्यातून ते निघालं ते लाल, पक्कं आणि अखंड. दाजींनी पेराने वाजवलं. खणखणीत बोललं. ऊब गेली नव्हती तशीच ते आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही हातांनी सगळं तोंड सावकाश पाहिलं.

"लई म्हातारी झाले की मी," त्या म्हणाल्या. "पण मीच हाय. आता वळखतील."

मार्गशीर्षात आत्याबाई गेल्या. मी दिवसांना गेलो तेव्हा ओट्यावर माझी वाट पाहत कुणी बिननाकाचा मनुष्य नव्हता. दाजींनी पुन्हा काही केलं नाही, ना घालायचं ना काढायचं. हात स्वच्छ धुतलेले, आणि त्या स्वच्छ हातांचं काय करावं हे त्यांना समजत नसे. अक्का म्हणाली, आता घर कसं झाडल्यासारखं वाटतं, आणि डोळ्यांना पदर लावला. ते डोकं तिने देवळीत ठेवलं होतं. आत्याबाईंसमोरून जावं तशी त्याच्यासमोरून जाताना ती अजून डोक्यावरचा पदर सारखा करत होती.

दाजींनी मला देवळीपाशी नेलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे होते, एक अंगठ्याचा, एक पहिल्या बोटाचा, जिथे चिमटीत धरून नाक वर घेतलं होतं. भाजल्यामुळे ते आता कायमचे झाले होते. आत बारीक रेषासुद्धा दिसत होत्या. दाजींनी आपला अंगठा आणि बोट त्यांत ठेवलं आणि तसेच उभे राहिले.

"बराबर बसतात, पाव्हणे," ते म्हणाले.

मीही माझी बोटं लावून पाहिली. माझी बसली नाहीत.